वडिलोपार्जित प्रवेश

माजी विद्यार्थ्यांच्या आणि देणगीदारांच्या मुलांना प्रवेशात झुकते माप देणे बंद करा, असे कॅलिफोर्नियाच्या कायद्याने राज्याची मदत घेणाऱ्या खासगी विद्यापीठांना बजावले. १ सप्टेंबर २०२५ पासून तो लागू झाला आणि स्टॅनफर्डने आपली निवड केली. ‘कॅल ग्रँट’ ही गरीब विद्यार्थ्यांसाठीची राज्याची मदत सोडायची, पण वारसांची सोय सोडायची नाही! मदतीची रक्कम विद्यापीठ स्वतःच्या तिजोरीतून भरून देणार आहे, म्हणजे गरिबांचे नुकसान नाही, असा खुलासा झाला. तो खरा मानला तरी संताप कमी होत नाही. बापाची पदवी आणि बापाचा चेक यांवर मिळणारी जागा जपण्यासाठी देशातले एक अतिश्रीमंत विद्यापीठ खिशातून पैसे मोजायला तयार आहे.

दोष कायदा करणाऱ्यांचाही आहे. मसुद्यातली दंडाची तरतूद त्यांनीच काढून टाकली. आता नियम मोडणाऱ्या संस्थेचे नाव राज्याच्या न्याय विभागाच्या संकेतस्थळावर झळकेल, एवढीच शिक्षा. त्याने कोणाला घाम फुटणार?

ही सवलत किती मोठी, याचे आकडे हार्वर्ड विद्यापीठावरच्या खटल्यात बाहेर आले. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी साधारण तिघांत एकाला प्रवेश मिळत होता. एकूण अर्जदारांत हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास होते. त्याच खटल्यात २०२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशाधारित प्राधान्य मोडीत काढले. कृष्णवर्णीय मुलाला मिळणारा हात गेला, बड्या बापाच्या मुलाचा राहिला. गुणवत्तेचे नाव घेऊन केलेला हा अन्याय आहे. वारसांना झुकते माप देण्याची ही प्रथा बळावली १९२० च्या दशकात, परीक्षेत पुढे जाणाऱ्या ज्यू मुलांना रोखण्याच्या खटपटीत. तिला परंपरा म्हणून मिरवणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा.

देणग्या आटतील, ही भीतीही पोकळ आहे. एमआयटी वारसा पाहत नाही. जॉन्स हॉपकिन्सने ही पद्धत २०१४ मध्येच सोडली आणि २०१८ मध्ये उद्योगपती मायकेल ब्लूमबर्ग यांनी त्याच विद्यापीठाला १.८ अब्ज डॉलर दिले, तेही गरजू विद्यार्थ्यांच्या फीसाठी.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट-सनीव्हेलमधल्या मराठी घरांना हा प्रश्न परका नाही. पुण्या-सांगलीत बी.ई. करून तिकडे गेलेल्या आईबापांच्या मुलीने कितीही अभ्यास केला, तरी तिच्या अर्जात वारशाचा रकाना रिकामाच राहणार. बापाचे कॉलेज कोणते, हे मुलीच्या अर्जात विचारायचेच कशाला? कॅलिफोर्नियाने दंड परत आणावा आणि सरकारी अनुदान सोडून निसटण्याची वाटही बुजवावी.

आणि आपण? महाराष्ट्रात कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा कायदा १९८७ पासून आहे. तरीही मेडिकलच्या प्रवेशाचे दिवस आले की ‘मॅनेजमेंट कोट्यात किती पडतील?’ हा प्रश्न आईबाप दबक्या आवाजात विचारतात, आणि शेत विकून पैसा उभा करणारेही त्यांत असतात. स्टॅनफर्ड निदान उघडपणे सांगते. इथे पावतीच मिळत नाही. या कायद्याखाली इतक्या वर्षांत किती संस्थाचालकांना शिक्षा झाली, याची यादी सरकारने येत्या अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावी.