निबंधाची वही आणि पोटदुखी

जूनमध्ये शाळा उघडल्या की दवाखान्यात पोटदुखीची मुले वाढतात. बेंबीभोवती दुखते, शाळेच्या वेळी दुखते, रविवारी दुखत नाही. जंताचे औषध देऊन झालेले असते. वजन घटणे, झोपेतून उठवणारी कळ, शौचावाटे रक्त, वारंवार उलट्या किंवा ताप असेल तर तपासण्या कराव्याच लागतात. यातले काही नसेल तर पुष्कळदा मनातली भीती पोटावाटे बोलत असते. दुखणे मात्र खरे असते. ढोंग म्हणून मुलाला दटावू नये.

ही भीती शब्दांत मांडायला मूल शिकणार कोठे? माझ्या मते मराठीच्या तासाला. पण तेथे 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त' नाही तर 'मी पंतप्रधान झालो तर'. यातला 'मी' गाईडातला असतो. वर्गातल्या साठ वह्यांत एकच पाऊस पडतो, आणि त्यालाच दहापैकी आठ गुण!

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर व सँड्रा बील यांनी 1986 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या 46 विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटे लिहायला बसवले. काहींना साधे विषय दिले, तर काहींना आयुष्यातल्या क्लेशदायक घटना. घटना आणि त्यावेळच्या भावना दोन्ही लिहिणारे विद्यार्थी पुढील सहा महिन्यांत आरोग्य केंद्रात कमी वेळा गेले. पुढे अशा प्रयोगांत फायदा लहानच दिसला, तेव्हा हे रामबाण औषध नव्हे. शिवाय लिहून होताच त्या विद्यार्थ्यांचे मन उलट जड झाले होते. म्हणून 'माझ्या जीवनातील दुःखद प्रसंग' असा विषय शिक्षकांनी फळ्यावर लिहू नये. काय लिहायचे ते मुलाने ठरवावे.

आठवड्यातून एक दिवस दहा मिनिटे पुरेत. प्रत्येक वाक्य 'मला आठवतं' पासून सुरू करायचे आणि पेन थांबवायचे नाही. किंवा ज्याच्याशी बोलणे होत नाही त्याला पत्र लिहायचे, पाठवायचे नाही. किंवा आपल्या घरातल्या एखाद्या आवाजाबद्दल लिहायचे. घरी जी बोली असेल तिच्यात लिहू द्यावे. ऱ्हस्व-दीर्घ निबंधाच्या वहीत सुधारावे. या वहीला लाल शाई लावू नये, गुण देऊ नयेत, वाचून दाखवण्याची सक्ती करू नये. "पोर्शन कधी संपवायचा?" असे गुरुजी-बाई विचारतील. पण ही वही तपासायचीच नसल्याने त्यांचे काम वाढत नाही.

पालकांनीही ती दप्तरातून काढून चोरून वाचू नये. एकदा वाचली गेली की मूल पुन्हा गाईडातले लिहू लागते.

मुलाने आपण होऊन वही पुढे केली तर मात्र शिक्षकांनी ती शांतपणे वाचावी, वर्गात वा स्टाफरूममध्ये चर्चा करू नये. लैंगिक अत्याचाराचा उल्लेख आढळल्यास 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. 'शाळेचे नाव जाईल' ही सबब चालत नाही. अडचणीतल्या मुलांसाठी 1098 हा फोन आहे. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा असेल तर मुलाला एकटे सोडू नये, पालकांना त्याच दिवशी बोलवावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.