कारण खरं असलं तरी

मुख्याध्यापक मित्रहो, आणि शाळेच्या फाटकाबाहेर मुलांची वाट पाहणाऱ्या पालकांनो,

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण आपण हसत हसत वापरतो. पण शाळेचं अंगण बहुतेक वेळा खरोखरच वाकडं असतं. शिक्षकांच्या जागा रिकाम्या असतात, निवडणुकीची ड्युटी लागते, एकेका वर्गात पन्नास-साठ मुलं कोंबलेली असतात. दिल्लीत तर कित्येक सरकारी इमारतींत सकाळी मुलींची आणि दुपारी मुलांची शाळा भरते. नोव्हेंबरात हवा बिघडली की वर्ग मोबाईलवर जातात, आणि घरात मोबाईल एक असतो, मुलं तीन. यातलं एकही कारण खोटं नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. खोटी सबब कोणीतरी पकडतं. खऱ्या कारणाला मात्र कोणी हरकत घेत नाही, आणि त्याच्या सावलीत माणूस वर्षभर निवांत बसू शकतो.

दिल्लीच्या सरकारी शाळांचंच पाहा. मुख्याध्यापकांचा बराचसा दिवस नळ, स्वच्छतागृह, तुटलेली बाकं, सफाईचा ठेकेदार यांत जायचा. 'वर्गात जायला वेळच मिळत नाही' ही तक्रार अगदी खरी होती. दहाएक वर्षांपूर्वी सरकारने शाळांना इस्टेट मॅनेजर दिले. इमारतीची देखभाल आणि स्वच्छता ही त्यांची जबाबदारी. अनेक ठिकाणी हे काम निवृत्त फौजी लोकांकडे गेलं. नळाचं काम दुसऱ्याने उचलल्यावर प्रश्न उरला तो एवढाच, की आता साहेब वर्गात जाणार का? काही गेले. काहींना दुसऱ्या फायली सापडल्या.

दुसरं कारण जास्त अवघड होतं. सहावीत आलेल्या अनेक मुलांना स्वतःचं पुस्तक धड वाचता येत नव्हतं. सहावीचे शिक्षक म्हणत, पाचवीपर्यंतच्या शाळांनी शिकवलं नाही. खालचे म्हणत, घरी कोणी लक्ष देत नाही. शिवाय शिक्षण हक्क कायद्यामुळे तेव्हा आठवीपर्यंत कोणाला नापास करता येत नव्हतं, म्हणून ठपका कायद्यावरही जाई. २०१६ मध्ये 'चुनौती' नावाची योजना आली. सहावी ते आठवीच्या मुलांना किती वाचता येतं ते तपासायचं, त्यानुसार गट करायचे आणि आहे तिथून शिकवायचं. चूक कोणाची, याचा निकाल लागेपर्यंत थांबायचं नाही, हे त्यातलं मला सगळ्यात पटलेलं. गट पाडणं मात्र तितकंसं पटलं नाही. 'निष्ठा' आणि 'प्रतिभा' अशी नावं दिली, तरी कोणता गट कच्चा हे मुलांना पहिल्याच दिवशी कळतं. मुलं भोळी असतात, हा मोठ्यांचा गैरसमज आहे.

इतकी यंत्रणा प्रत्येकाच्या पाठीशी नसते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीला २००९ मध्ये रणजितसिंह डिसले गुरुजी रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत मोडकळीला आलेली होती, एका बाजूला गुरांचा गोठा. पुस्तकं मराठीत, आणि मुलांच्या घरी बोलली जायची कन्नड. 'मुलांना भाषाच येत नाही' म्हणून तिथे नोकरी काढता आली असती, कोणी विचारलंही नसतं. गुरुजी कन्नड शिकले, धडे मुलांच्या भाषेत केले, पुस्तकांना क्यूआर कोड चिकटवले. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. बातम्या बक्षिसाच्या झाल्या. मला मात्र त्यांनी दुसऱ्याची भाषा शिकायला घेतली, ते अधिक मोठं वाटतं.

आता एक सावधगिरी. 'मला सबबी नकोत' हे वाक्य मुख्याध्यापकांच्या तोंडी फार लवकर चढतं आणि त्याचा चाबूक होतो. शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमानुसार जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुका ही कामं शिक्षकांना देता येतात. त्या कामाला गेलेल्या बाईंचा अभ्यासक्रम मागे पडला, तर तिला झापण्यात कसली शिस्त? तिचा वर्ग त्या दिवसांत कोण घेणार, हे ठरवणं तुमचं काम होतं. म्हणून कोणी कारण सांगितलं की ते पूर्ण ऐका, वहीत लिहा, आणि शेजारी दोन गोष्टी लिहा: हे दूर करणं कोणाच्या हातात आहे, आणि ते दूर होईपर्यंत उद्या पहिल्या तासाला आपण काय करणार. वरच्या कार्यालयाच्या हातातलं असेल तर तारीख, रिकाम्या जागा, मुलांची संख्या घालून पत्र पाठवा. नुसतं 'वरून काही होत नाही' म्हणालात, तर शिक्षकही मुलांबद्दल तेच म्हणायला शिकतात. फक्त ते 'खालून' म्हणतात.

सुरुवात कुठून करायची, असं विचाराल तर पालकांपासून करा. 'पालक येतच नाहीत' ही शाळांची सर्वात जुनी तक्रार. ३० जुलै २०१६ ला, शनिवारी, दिल्लीच्या सगळ्या सरकारी शाळांनी एकाच दिवशी पालकसभा घेतली. आधी गाजावाजा केला, आग्रहाने बोलावलं, आणि पालक मोठ्या संख्येने आले. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असायला हवेत, तरी अनेक ठिकाणी समितीची बैठक कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवतात. ज्याची मजुरी रोजावर आहे, तो अकरा वाजता आला तर त्या दिवसाचे पैसे बुडतात. पुढच्या बैठकीचं पत्रक लिहायच्या आधी चार पालकांना फोन करून विचारा, तुम्हाला कोणती वेळ जमेल?