हायब्रीड आहे, पण चवीचं काय?

हायब्रीड हा शब्द आपल्याकडे उगाचच बदनाम आहे. हायब्रीड ज्वारीच्या भाकरीला गावरानची चव नाही, हायब्रीड टोमॅटो नुसताच लालबुंद आणि आत पाणी, हे ऐकत आपल्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या. (गाडी हायब्रीड असली की मात्र आपण ते सोसायटीत चार जणांना मुद्दाम सांगतो, हा भाग वेगळा!) गिटारवाल्यांमध्येही हेच. ‘हायब्रीड हेड घेतोय’ म्हणून बघा कुणाला. समोरचा असा चेहरा करतो, जणू तुम्ही हापूसच्या पेटीत तोतापुरी भरून आणलाय.

ज्यांचा गिटारशी संबंध फक्त कॉलेजच्या गॅदरिंगपुरता आला, त्यांच्यासाठी आधी थोडी उजळणी. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मोठा करतो तो ॲम्प्लिफायर. त्याचा इलेक्ट्रॉनिक भाग वेगळ्या खोक्यात असला की ते ‘हेड’, आणि स्पीकर ज्या पेटीत असतात ती ‘कॅबिनेट’. हेडमध्येही दोन खाती असतात. गिटारच्या तारेतून आलेला नाजूक सिग्नल वाढवून त्याला रंगरूप देतो तो प्रीॲम्प, आणि स्पीकर हलवायची हमाली करतो तो पॉवर ॲम्प. ही कामं पूर्वी काचेच्या ट्यूब करायच्या. ट्यूब म्हणजे आपल्या आजोबांच्या रेडिओतला व्हॉल्व्हच. बटण दाबल्यावर बातम्या सुरू व्हायच्या आधी तो तापायची वाट बघावी लागायची ना, तोच. १९४७ मध्ये अमेरिकेच्या बेल लॅब्जमध्ये ट्रान्झिस्टर जन्माला आला आणि रेडिओ, टीव्ही, कॉम्प्युटर सगळ्यांनी व्हॉल्व्हला रामराम केला. गिटारवाले मात्र अजून तिथेच आहेत, हटायला तयार नाहीत!

त्यात नुसता हट्ट नाही, बरं का. सिग्नल झेपेनासा झाला की साधं ट्रान्झिस्टर सर्किट त्याचा माथा सुरीने कापल्यासारखा सपाट करतं. ट्यूब तोच माथा हळूहळू गोल करत नेते. त्यामुळे हलक्या हाताने वाजवलं की आवाज स्वच्छ, जोर लावला की थोडा खरखरीत, आणखी जोर लावला की गुरगुरणारा. हाताला कळतं ते. यालाच लोक ‘फील’ म्हणतात आणि यासाठीच वीस-वीस किलोची हेडं जिने चढवतात.

आता मुद्द्यावर येऊ. माझा एक मित्र आहे, हिंजवडीत आयटीत. कॉलेजचा बँड सात-आठ वर्षांनी पुन्हा जमलाय, पबमध्ये वाजवायचं ठरतंय, बोनस झालाय आणि ‘घेईन तर शंभर वॉटचं ट्यूब हेड, नाहीतर काहीच नाही’ अशी घोषणाही झालीय. अडचण एकच. घर वन बीएचके आहे आणि दोन महिन्यांत तिथे पाळणा येणार आहे. वहिनींचं म्हणणं अगदी सरळ आहे: ‘हॉलच्या त्या कोपऱ्यात एकच वस्तू मावते. पाळणा, नाहीतर तुमचं ते चार स्पीकरचं कपाट. ठरवा.’ बोनसमधले निम्मे पैसे हॉस्पिटलसाठी बाजूला काढलेत, ते तर बोलायलाच नको.

अशा माणसाने काय घ्यावं? माझं मत आहे हायब्रीड. पण डोळे उघडे ठेवून. कारण ‘हायब्रीड’ या एका लेबलखाली बाजारात बऱ्याच वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात.

म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो हा: ट्यूब नक्की आहे कुठे? बहुतेक हायब्रीड हेडमध्ये ती प्रीॲम्पमध्ये असते आणि पॉवर ॲम्प ट्रान्झिस्टरचा. मार्शलने १९९१ मध्ये ‘व्हॉल्व्हस्टेट’ मालिका काढली ती याच पद्धतीची. प्रीॲम्पमध्ये १२एएक्स७ जातीची एक ट्यूब, आणि पॉवर ॲम्प ट्रान्झिस्टरचाच, पण तो स्पीकरशी ट्यूबसारखा वागावा अशा बेताने बांधलेला. स्वस्तातला पर्याय म्हणून बऱ्याच जणांनी त्याला नावं ठेवली. पण ‘डेथ’ या बँडचा चक शुल्डिनर याच मालिकेतलं ८१०० हेड घेऊन स्टेजवर उभा राहायचा. ज्यांनी डेथ मेटल ऐकलंय त्यांना यापुढे काही सांगायला नको. याच्या बरोब्बर उलटा प्रयोग सत्तरच्या दशकात म्युझिक मॅन कंपनीने केला होता, ज्यात खुद्द लिओ फेंडर होते. प्रीॲम्प ट्रान्झिस्टरचा आणि पॉवरला ट्यूब. एरिक क्लॅप्टननेही ती हेडं वापरली. म्हणजे हायब्रीड हे काही कालपरवाचं फॅड नाही.

आणि तिसरा प्रकार... त्यापासून जपा. यात ट्यूब असते ती मुख्यतः शोभेला. पुढे जाळी, मागे केशरी एलईडी, दिवाळीत आकाशकंदील लावल्यासारखा झगमगाट. खरी ट्यूब इतकी देखणी चमकत नाही, तिच्या पोटात एक मंद निखारा दिसतो, बस. दुकानात लाइट बघून खिशात हात घालू नका.

आणखी एक हिशेब. १२एएक्स७च्या एका काचेत दोन ट्रायोड असतात, म्हणजे सिग्नल वाढवायच्या फार तर दोन पायऱ्या. भरपूर डिस्टॉर्शनवाल्या अस्सल ट्यूब हेडमध्ये अशा तीन-चार किंवा जास्तच पायऱ्या असतात. म्हणजे एका ट्यूबच्या हायब्रीडमध्ये गेन नॉब पूर्ण फिरवल्यावर जे काही गुरगुरतं, त्यातलं बरंच काम ऑपॅम्प आणि डायोड करत असतात. त्यात वाईट काही नाही. फक्त ‘ओरिजिनल ट्यूब साउंड’ असं सेल्समन म्हणाला तर मनातल्या मनात हसून घ्या.

मग ट्यूबवाल्यांचं काय चुकतं? तत्त्वाने काहीच नाही. पण पॉवर ट्यूबची ती सुप्रसिद्ध ऊब मिळते कधी, तर पॉवर ॲम्पला घाम फुटतो तेव्हा. पन्नास किंवा शंभर वॉटच्या हेडला घाम फुटेपर्यंत खालच्या मजल्यावरच्या काकांना फुटलेला असतो! २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ऑफिसमधून घरी येऊन, जेवून गिटार हातात घ्यायला रात्रीचे दहा वाजतात. त्या वेळी शंभर वॉटच्या हेडचा मास्टर व्हॉल्यूम किती फिरणार? कांडीभर. म्हणजे ज्या आवाजासाठी पैसे मोजले, तो आवाज सोडून बाकी सगळं मिळालं. छोट्या हायब्रीड हेडला बहुधा हेडफोनचं भोक असतं. पाळणा हलत असताना त्या एका भोकाची किंमत काय, ते मित्राला लवकरच कळेल.

वॉटचा आकडा हा दुसरा गैरसमज. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला ‘दुप्पट’ वाटायचा तर साधारण दसपट वॉट लागतात. वीस आणि शंभर वॉटमध्ये फरक पडतो जेमतेम सात डेसिबलचा. उलट स्पीकर नीट निवडला तर तेवढा फायदा फुकटात होतो. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी डेसिबलमध्ये दिलेली असते. सेलेस्टियनच्या व्हिंटेज ३० ची आहे १००. ९७ वाल्या स्पीकरच्या जागी हा लावला, तर हेडचे वॉट दुप्पट केल्यासारखंच झालं की! म्हणून माझा सल्ला: बजेटमधला मोठा वाटा कॅबिनेटला द्या, हेडला उरलेला. एक बारा इंची चांगला स्पीकर असलेली पेटी पाळण्याखालीसुद्धा जाते. (हे वहिनींना मी सांगितलेलं नाही.) ड्रमरबरोबर अगदी स्वच्छ, न फाटणारा आवाज हवा असेल तर जास्त वॉट लागतात, हे मान्य. फाटका आवाजच हवाय त्यांना वीसही पुरतात. पबमध्ये तसाही कॅबिनेटसमोर माइक लागतो.

आता ओहमचं प्रकरण, आणि इथे हयगय नको. ट्रान्झिस्टर पॉवर ॲम्पचे वॉट स्पीकरच्या इम्पिडन्सवर अवलंबून असतात. व्हॉक्सचं एमव्ही५० हे तळहातावर मावणारं हेड घ्या. ५० वॉट लिहिलेत ते चार ओहमला. आठ ओहमच्या कॅबिनेटवर २५, सोळावर साडेबारा. बॉक्सवरचा आकडा बघून घेतलं आणि घरी सोळा ओहमची पेटी, तर पाव भागच हातात येतो. दुसरीकडे, हेडवर ‘किमान आठ ओहम’ लिहिलं असेल आणि आठ-आठच्या दोन पेट्या समांतर जोडल्या, तर भार होतो चारचा आणि पॉवर ॲम्प जळू शकतो. ट्यूब पॉवर ॲम्पचा नियम निराळा: त्याला ओहम जुळवूनच द्यायचे आणि स्पीकर न जोडता तो कधीही वाजवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. म्युझिक मॅनसारखं उलटं हायब्रीड सेकंडहँड मिळालं तर हे लक्षात ठेवा.

त्या एमव्ही५०मध्ये ट्यूब आहे ती तरी कसली? न्यूट्यूब. कॉर्गने नोरिताके इट्रॉन या जपानी कंपनीबरोबर २०१५ मध्ये जाहीर केलेली. जुन्या व्हीसीआरवर हिरवट-निळे आकडे दिसायचे, त्या डिस्प्लेच्या तंत्रावर बनवलेली खरीखुरी ट्रायोड. कमी विजेवर चालते, तापत नाही. ऑरेंजच्या मायक्रो टेररमध्ये मात्र नेहमीची १२एएक्स७ आहे, वीस वॉट आणि वजन किलोच्या आत. दोन्हींवर मोजून तीन नॉब. ऑरेंज मला चिडखोर वाटतं, कमी गेनवरही शांत बसवत नाही त्याला. रॉकवाल्यांना तेच आवडेल. व्हॉक्स वेगवेगळ्या स्वभावांत निघालं, त्यातलं ‘क्लीन’ पेडलवाल्यांसाठी उत्तम. बॉस कटानासारखे डिजिटल ॲम्प २०१६ पासून याच पैशांत बरंच काही देतात हे खरं, पण मित्राला मेनू नको होता. दिवसभर स्क्रीनच बघतो तो.

देखभालीचं गणितही बघा. पॉवर ट्यूब झिजतात, बदलाव्या लागतात, बदलल्या की बहुतेक ॲम्पमध्ये बायस लावून घ्यायला जाणकार माणूस शोधावा लागतो. प्रीॲम्पची एक छोटी ट्यूब वर्षानुवर्षं चालते. शिवाय गिटार ॲम्पच्या ट्यूब बनवणारे मोठे कारखाने जगात बोटांवर मोजण्याइतके: रशियातलं साराटोव, स्लोव्हाकियातलं जेजे आणि चीन. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यातबंदी घातली तेव्हा जगभरच्या गिटारवाल्यांची झोप उडाली होती. चार पॉवर ट्यूब लागणाऱ्याची जास्त, एकच छोटी लागणाऱ्याची कमी.

हेड अमेरिकेतल्या भावाकडून मागवत असाल तर मागचं लेबल वाचायला सांगा. तिथे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. लॅपटॉपसारखा अडाप्टर असेल तर त्यावर बहुधा १०० ते २४० लिहिलेलं असतं, तसं असेल तर फक्त पिन बदलायची. आणि घरघर येते म्हणून तिसरी, अर्थिंगची पिन मोडून टाकणारे महाभाग आपल्याकडे आहेत. कृपा करून त्यांच्यात जाऊ नका, शॉक गिटारच्या तारांतून थेट बोटांना बसतो.

दुकानात जाताना स्वतःची गिटार आणि स्वतःचं एक पेडल न्या. तिथल्या भारी गिटारवर सगळंच गोड लागतं. आधी गेन कमी आणि व्हॉल्यूम जास्त ठेवून बघा, पॉवर ॲम्प कुठे फाटतो ते कळेल. मग गेन वाढवून गिटारचा नॉब निम्म्यावर आणा. आवाज स्वच्छ होत गेला तर ट्यूब काम करतेय. नुसताच बारीक होऊन तसाच चरचरत राहिला, तर ती बहुतेक शोभेची. हेड तिथल्या मोठ्या चार स्पीकरवर ऐकवतील, तुम्ही हट्टाने तुमच्याकडे असणार आहे तेवढ्याच पेटीवर ऐका. जुनं व्हॉल्व्हस्टेट मिळत असेल तर सगळे नॉब फिरवून खरखर ऐका, जॅक हलवून बघा. ही हेडं तिशीच्या पुढची आहेत, आपल्याएवढीच किंवा जास्तच वापरलेली.

मित्राने अजून घेतलेलं नाही. पुढच्या शनिवारी जायचंय, आणि शंभर वॉटचं भूत पुरतं उतरलंय असं मला वाटत नाही. आठ ओहमची एक स्पीकरवाली पेटी आणि वीस वॉटचं हायब्रीड, इथपर्यंत तो आलाय. बरोबर स्पीकर केबलही घ्यायला सांगितलीय. गिटारची केबल त्या जागी बसते, पण ती आतून बारीक असते, तापते. दिसायला दोन्ही सारख्या, म्हणून दुकानातच त्यावर चिकटपट्टी लावून नाव लिहून घ्यायचं ठरलंय.