बंदी धावपटूवर, फलक मात्र तसाच

अबू धाबीत, दुबईत किंवा रास अल खैमाला राहत असाल आणि थोडंफार धावत असाल, तर तुमच्या कपाटात मुख्य प्रायोजकाचं नाव छापलेला एक तरी टी-शर्ट असेल. एखाद्या वर्षी त्या शर्यतीत पहिला कोण आला होता, हे मात्र तुम्हाला सांगता येणार नाही. त्यात तुमचा दोष नाही. या शर्यतींची रचनाच अशी आहे की कंपनीचं नाव लक्षात राहावं आणि धावणाऱ्याचं विसरलं जावं. धावणारा उत्तेजकं घेताना पकडला गेला, की ही रचना प्रायोजकाच्या फार सोयीची ठरते. आज मला त्या सोयीबद्दल भांडायचं आहे.

आपल्या शहरातलंच उदाहरण घेऊ. अबू धाबी मॅरेथॉन २०१८च्या डिसेंबरात सुरू झाली. मुख्य प्रायोजक अ‍ॅडनॉक, म्हणजे अमिरातीची सरकारी तेल कंपनी. २६ नोव्हेंबर २०२१ रोजी झालेल्या शर्यतीत केनियाचा टायटस एकिरू पहिला आला. त्या दिवशी घेतलेल्या नमुन्यात ट्रायॅम्सिनोलोन हे स्टेरॉइड आणि पेथिडीन हे अफूच्या जातीचं वेदनाशामक सापडलं. त्याच वर्षी मे महिन्यात मिलानची मॅरेथॉन त्याने २ तास २ मिनिटं ५७ सेकंदांत जिंकली होती. त्या नमुन्यातही ट्रायॅम्सिनोलोन होतं. चौकशी सुरू झाल्यावर त्याने वैद्यकीय कागदपत्रं सादर केली. केनियातल्या रुग्णालयातल्या एका वरिष्ठ डॉक्टरच्या मदतीने ती बनवलेली आहेत, असं निष्पन्न झालं. २०२३मध्ये अ‍ॅथलेटिक्स इंटिग्रिटी युनिटने त्याच्यावर दहा वर्षांची बंदी घातली. दोन्ही विजय रद्द झाले.

एकिरूबद्दल मला कळवळा नाही. दोनदा सापडलेला आणि वर खोटे कागद करणारा माणूस आहे तो. शिक्षा योग्यच झाली. प्रश्न आहे तो त्याच्या मागच्या रांगेचा. २०१८च्या पहिल्याच शर्यतीचा विजेता मारियस किपसेरेम याच्यावर २०२२मध्ये ईपीओ घेतल्याबद्दल तीन वर्षांची बंदी आली. त्या शर्यतीत दुसरा आलेला अब्राहम किप्टम जैविक पारपत्रातल्या, म्हणजे रक्ताच्या नोंदींतल्या, गडबडीमुळे चार वर्षांसाठी बाहेर गेला आणि ऑक्टोबर २०१८पासूनचे त्याचे निकाल पुसले गेले. त्यांत त्याचा अर्धमॅरेथॉनचा विश्वविक्रमही गेला. हे तिघंही आपल्या रस्त्यांवर धावले. आपण त्यांना टाळ्या वाजवल्या. आणि शर्यतीचा फलक? तो पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच अक्षरांत होता.

बंदीच्या निर्णयात धावपटूचं नाव असतं, द्रव्याचं असतं, तारखा असतात. ज्याच्या पैशावर ती शर्यत उभी राहिली, त्याच्या जबाबदारीबद्दल एक ओळ नसते. विजयाच्या छायाचित्रात प्रायोजक धावपटूच्या छातीवर असतो. बंदीच्या बातमीत तो कुठेच नसतो. नफ्यात भागीदार आणि तोट्यात अनोळखी, असा हा व्यवहार आहे.

त्या पैशाने काय होतं, हे या देशात राहणाऱ्यांनी जवळून पाहिलेलं आहे. २००८मध्ये दुबई मॅरेथॉनने पहिल्या क्रमांकाला अडीच लाख डॉलर आणि विश्वविक्रमाला दहा लाख डॉलर जाहीर केले. हाइले गेब्रसेलासी २ तास ४ मिनिटं ५३ सेकंदांत आला. स्वतःच्याच विक्रमापासून तो २७ सेकंद दूर राहिला. पुढे काही वर्षं पहिलं बक्षीस दोन लाख डॉलर होतं. २०१४मध्ये ते इथिओपियाच्या त्सेगाये मेकोन्नेनने जिंकलं. वय अठरा, वेळ २ तास ४ मिनिटं ३२ सेकंद. त्याच्यावर कसलाही ठपका नाही, हे स्पष्ट सांगते. मुद्दा वेगळा आहे. अठरा वर्षांच्या मुलाला एका सकाळी दोन लाख डॉलर मिळतात, ही बातमी इथिओपियाच्या आणि केनियाच्या पठारावर पोचते तेव्हा तिचा अर्थ काय होतो? तिथल्या शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने ती जन्माची ददात मिटवणारी रक्कम आहे. शर्यत वर्षातून एकदा. पहिल्या काही जणांत आलात तर घर, जमीन, भावंडांचं शिक्षण. पंधरावे आलात तर हाती काही नाही. इतक्या उंच कड्याच्या टोकाशी माणसं उभी करायची आणि त्यांतला एखादा वाकड्या वाटेने वर चढला की आश्चर्य वाटल्याचा आव आणायचा, हे प्रामाणिक नाही.

याच दुबईत जानेवारी २०१९मध्ये केनियाच्या रूथ चेपन्गेटिचने २ तास १७ मिनिटं ८ सेकंद वेळ दिली. तेव्हा ती इतिहासातली तिसरी सर्वांत वेगवान स्त्री ठरली. त्याच वर्षी सप्टेंबरात दोहाच्या उकाड्यात, मध्यरात्री धावून ती जगज्जेती झाली. ऑक्टोबर २०२४मध्ये शिकागोत तिने २ तास ९ मिनिटं ५६ सेकंदांचा विश्वविक्रम केला. २ तास १० मिनिटांच्या आत येणारी ती पहिलीच स्त्री. १४ मार्च २०२५च्या नमुन्यात तिच्या शरीरात हायड्रोक्लोरोथायझाइड सापडलं. हे रक्तदाबावरचं, लघवी वाढवणारं औषध. इतर द्रव्यांचा माग लपवायला ते वापरता येतं, म्हणून बंद यादीत आहे. नोंदवण्याची मर्यादा मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम, तिच्या नमुन्यात सुमारे ३,८००. आपण घरकामाच्या बाईचं औषध घेतलं होतं, असं तिने सांगितलं. ऑक्टोबर २०२५मध्ये तीन वर्षांची बंदी आली. नियमाप्रमाणे आधीचे निकाल कायम राहिले, म्हणजे शिकागोचा विक्रमही.

शिकागोची शर्यत एका बँकेच्या नावाने धावते. विक्रमाच्या दिवशी त्या बँकेचं नाव जगभर गेलं. बंदीच्या दिवशी कोणत्या नावाला धक्का लागला? चेपन्गेटिचच्या आणि केनियाच्या. आता हे पाहा: देशावर सरसकट बंदी येऊ नये म्हणून २०२२च्या अखेरीस केनियाच्या सरकारने उत्तेजकविरोधी कामासाठी दर वर्षी पन्नास लाख डॉलर, पाच वर्षं, देण्याचं कबूल केलं. नैरोबीच्या करदात्याने अडीच कोटी डॉलर मोजायचे, आणि त्या धावपटूंच्या पायांवर जाहिरात करणाऱ्या तेल कंपन्यांनी, बँकांनी, बूटवाल्यांनी स्वखुशीने देतील तेवढं द्यायचं, हा कुठला हिशेब?

इथे न्यायाने एक गोष्ट नोंदवायला हवी. रस्त्यावरच्या शर्यतींच्या तपासणीसाठी आज एक सामाईक निधी आहे. त्यात आयोजक, बूट-कंपन्या, व्यवस्थापक आणि खुद्द धावपटू पैसे घालतात. आज जी एवढी माणसं सापडताहेत, त्याचं बरंच श्रेय या निधीला जातं. पण तो निधी लघवी आणि रक्त तपासतो, करार तपासत नाही. रोग मात्र करारात आहे.

करार कसे असतात, हे सहसा बाहेर येत नाही. २०१६मध्ये नायकी कंपनीने अमेरिकेचा ८०० मीटर धावपटू बोरिस बेरियन याला कोर्टात खेचलं तेव्हा थोडंसं दिसलं. वादाचा एक मुद्दा होता कपातीची कलमं: क्रमवारीत घसरलात किंवा ठरलेल्या शर्यती धावला नाहीत, की मानधन कापलं जाणार. कंपनीने पुढे दावा मागे घेतला, पण पडदा तेवढा उघडला होता. विचार करा. पोटरीचा स्नायू दुखावला आहे. डॉक्टर म्हणतो तीन महिने विश्रांती. करार म्हणतो धावला नाहीस तर पैसे कापू. अशा वेळी ट्रायॅम्सिनोलोनची सुई घेऊन येणारा माणूस धावपटूला देवदूत वाटला तर त्याला तिथे आणून कोणी उभं केलं?

कंपनी स्वतः गुन्ह्याच्या अगदी जवळ होती, तेव्हा काय झालं तेही आठवा. ३० सप्टेंबर २०१९ला, चेपन्गेटिच दोहात जिंकल्यानंतर दोनच दिवसांनी, नायकीच्या ओरेगॉन प्रकल्पाचा प्रशिक्षक अल्बर्टो सालाझार याच्यावर चार वर्षांची बंदी आली. कंपनीने त्याची पाठराखण केली, अपिलालाही साथ दिली. काही दिवसांनी प्रकल्प गुंडाळला आणि विषय संपला. प्रशिक्षकाला चार वर्षं. ज्या कंपनीच्या पैशावर, ज्या कंपनीच्या नावाने ते सगळं चाललं, तिला कोणत्याही क्रीडा-न्यायालयाने शून्य दिवस.

आता तुमचा आक्षेप. धावपटू सज्ञान असतो. शरीरात जे सापडेल त्याला तोच जबाबदार, हा नियम नसेल तर प्रत्येक जण मोलकरणीचं, सासूचं, कुत्र्याचं औषध पुढे करेल. मान्य. तो नियम मोडा असं मी म्हणतच नाही. ज्या स्वच्छ धावपटूचा चौथा क्रमांक चोरीला गेला, त्याच्यासाठी तो नियम हवाच. पण एकाची जबाबदारी पक्की केली म्हणून दुसऱ्याची माफ होते, हे कुठलं तर्कशास्त्र? मी पोस्टडॉक आहे, दर दोन वर्षांनी नूतनीकरणाची वाट पाहणारी. आमच्याकडे कुणी खोटी आकडेवारी छापली तर त्याची नोकरी जाते, आणि जायलाच हवी. पण अनुदान देणारी संस्था तिथे थांबत नाही. ती विद्यापीठाला विचारते: देखरेख कुणाची होती, तक्रार कधी आली, तुम्ही काय केलंत? उत्तर नीट नसेल तर पुढचा पैसा अडतो. कंत्राटी माणसावर निकालाचं ओझं टाकलं की खोटेपणा वाढतो, हे विज्ञानजगताला फार ठेचा खाऊन कळलं. धावण्याच्या धंद्याला ते कळूनही वळत नाही, कारण ठेच त्याच्या अंगठ्याला लागतच नाही.

आणि हे सगळं केनियाचं दुखणं आहे, असं समजू नका. आपल्या नाशिकची संजीवनी जाधव २०१९मध्ये दोहालाच आशियाई स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य जिंकली. मग प्रोबेनेसिड या माग लपवणाऱ्या द्रव्यासाठी तिच्यावर जून २०१८पासून दोन वर्षांची बंदी लागू झाली आणि ते पदक गेलं. शिक्षा भोगून ती परतली. परत येणं सगळ्यांना जमत नाही. डिसेंबर २०२४च्या पुणे अर्धमॅरेथॉनमध्ये विशीतल्या एका भारतीय मुलीच्या नमुन्यात ऑक्सँड्रोलोन सापडलं, चार वर्षं गेली. २०२३मध्ये भारतात तपासलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकी ३.८ टक्के सदोष निघाले. पाच हजारांवर नमुने तपासणाऱ्या देशांत इतकं वाईट प्रमाण दुसऱ्या कुणाचं नव्हतं. याच काळात मुंबईची मॅरेथॉन, जी २००४मध्ये एका बँकेच्या नावाने सुरू झाली होती, टाटांच्या नावाने दिमाखात धावत होती, आणि टीसीएस न्यूयॉर्क-लंडनच्या शर्यतींवर आपलं नाव लावत होती. त्याचा आपल्याला अभिमान वाटतो. वाटू दे. पण ज्या उद्योगाकडे लंडनच्या शर्यतीला नाव द्यायला पैसे आहेत, त्याने नाशिक-नंदुरबारच्या पोरींना कुठलं चूर्ण घ्यावं, कुठलं इंजेक्शन नाकारावं, हे सांगणारा एक भरवशाचा डॉक्टर नेमावा, ही अपेक्षा जास्त आहे का?

माझ्या मागण्या साध्या आहेत. एक: शर्यतीला नाव देणाऱ्याने प्रायोजकत्वाच्या रकमेतला ठरावीक हिस्सा तपासणीला आणि धावपटूंच्या गावांतल्या वैद्यकीय मदतीला द्यावा. ऐच्छिक नव्हे, शर्यतीला जागतिक दर्जा मिळण्याची अट म्हणून. दोन: दुखापतीच्या काळात मानधन कापणारी कलमं बेकायदा ठरवावीत. तीन: बक्षिसाची रक्कम पहिल्या तिघांत न कोंबता वीस-तीस जणांत पसरावी. आणि चार: विजेत्यावर बंदी आली तर त्या निर्णयात शर्यतीचं पूर्ण नाव, प्रायोजकासकट, छापावं. विजयाच्या बातमीत छापता ना, तसंच.

तुम्ही म्हणाल, आपलं कोण ऐकणार? आपण इथे पाहुणे, व्हिसा कंपनीच्या हातात. खरं आहे. पण या शर्यतींत पुढे धावतात पन्नास जण आणि मागे आपण हजारो. शुल्क आपण भरतो. पाच किलोमीटरच्या शर्यतीत पोरांना घेऊन आपण उतरतो. फलकावरचं नाव वाचण्यासाठी कंपनीला जी गर्दी हवी असते, ती गर्दी आपण आहोत. आपल्या धावगटाच्या नावाने आयोजकांना एक पत्र पाठवायला व्हिसा आड येत नाही. त्यात एवढंच विचारा: गेल्या वर्षीच्या प्रायोजकत्वातला किती पैसा तपासणीला आणि धावपटूंच्या आरोग्यावर गेला? अबू धाबीच्या गटांनी अबू धाबीला विचारावं, दुबईच्यांनी दुबईला, लंडनच्यांनी लंडनला. नोंदणी सुरू होईल त्याच आठवड्यात विचारावं, कारण आपली गरज त्यांना तेव्हाच सर्वांत जास्त असते. उत्तर आलं तर सगळ्यांना दाखवा. नाही आलं, तर त्या वर्षी शुल्क भरू नका. खाडीच्या काठाने पहाटे धावायला कुणाच्या फलकाची गरज लागत नाही.