मुखशोष आणि श्वासयंत्र

चकलांब्यासारख्या गावी ‘स्लीप ॲप्निया’साठी सीपॅप यंत्र लावून निजणारा रुग्ण मुखशोषाची तक्रार घेऊन प्रथम येणार तो वैद्याकडे वा औषधी दुकानात. तेव्हा केवळ गंडूष सांगून मोकळे होणे आम्हांस अपुरे वाटते. झोपेत तोंड उघडून हवा निसटते, म्हणून मुख सुकते. नाक चोंदल्यास हे वाढते. यास्तव आधी नाक पाहावे. मास्क सैल वा अतिघट्ट नसल्याची खात्री करावी. ह्युमिडिफायरमध्ये कूपनलिकेचे जड पाणी न घालता डिस्टिल्ड पाणी वापरण्यास सांगावे. मास्कखाली तेल-तूप लावू देऊ नये. त्याने मास्क घसरतो. तिळतेलाचा गंडूष दिवसा अवश्य द्यावा. यंत्र बंद करण्यास मात्र कोणीही सुचवू नये. उपद्रव शमवावा, मूळ चिकित्सा मोडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.