तालुका सुरक्षित, वाडी तहानलेली



मार्च सरत आला की आपल्या डोंगरातल्या वाड्यांवर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. माथेरानच्या डोंगराखाली असो, प्रबळगडाच्या अंगाला असो, बायामाणसं पहाटे तीनला झऱ्यावर जाऊन बसतात. वाटीवाटीनं हंडा भरतात. ओहोळ आटला की त्याच्या वाळूत डवरा खणायचा, पाणी पाझरायची वाट बघायची. मे महिन्यात टँकर, तोही जिथं रस्ता आहे तिथंच.

आता सरकारी कागद बघा. भूजलाच्या बाबतीत पनवेल तालुका ‘सुरक्षित’ आहे. मग प्रश्न येतो, सुरक्षित कोण? आपल्या वाडीवरची म्हातारी विचारेल, “पाणी एवढं हाय तर माझ्या हंड्यात का नाय?” हा कागद कसा तयार होतो ते आपण समजून घेतलं पाहिजे. नाहीतर तहसीलमध्ये गेलो की साहेब तोच कागद दाखवून आपल्याला गप्प करणार.

राज्यात जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करणारं सरकारी खातं आहे, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. १९७२ च्या दुष्काळाच्या वर्षी ती सुरू झाली. मुख्य कचेरी पुण्याला, जिल्ह्याला वरिष्ठ भूवैज्ञानिक. यंत्रणेनं महाराष्ट्राचे दीड हजारांवर पाणलोट पाडलेत आणि काही हजार निरीक्षण विहिरी ठरवल्यात. वर्षातून चार वेळा त्या विहिरींत टेप सोडून पाणी किती खाली आहे ते मोजतात. पावसाळ्याआधी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात जी पातळी मिळते, त्यातल्या फरकावरून जमिनीत किती पाणी मुरलं ते काढतात. मग विहिरी-बोअरमधून किती उपसलं ते बघतात. उपसा मुरलेल्या पाण्याच्या ७० टक्क्यांपर्यंत असेल तर ‘सुरक्षित’. ९० पर्यंत अंशतः शोषित, १०० पर्यंत शोषित, आणि त्याच्या वर अतिशोषित.

हे काम फुकट आहे असं मी म्हणत नाही. जळगावात यावल-रावेरला केळीसाठी, अमरावतीत वरूड-मोर्शीला संत्र्यासाठी एवढा उपसा झाला की जमिनीखालचं पाणी खोल खोल गेलं. तिथं हा हिशोब नसता तर कुणाला कळलं नसतं. पण तो हिशोब पंपवाल्यांच्या मुलखासाठी बनला आहे. तोच डोंगरातल्या वाडीला लावला की तीन ठिकाणी गफलत होते.

पहिली गोष्ट. ‘सुरक्षित’ म्हणजे पाणी आहे असं नाही, उपसा कमी आहे एवढंच. आपण गरीब म्हणून पंप नाही. पंप नाही म्हणून उपसा नाही. उपसा नाही म्हणून तालुका सुरक्षित. आपली तहान त्या कागदावर बचत म्हणून चढते!

दुसरी गोष्ट. पनवेलला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण आपला डोंगर काळ्या कातळाचा, वर थोडा मुरूम. पाणी राहतं ते मुरमात आणि कातळाच्या भेगांत. जुलैत विहीर तोंडापर्यंत भरते आणि पाऊस थांबला की तेच पाणी भेगांतून वाहत ओढ्याला, नदीला, खाडीला जातं. ऑक्टोबरात जे पाणी हिशोबात दिसतं, ते मार्चमध्ये जागेवर असेलच असं नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. या हिशोबाच्या नियमातच लिहिलंय की २० टक्क्यांपेक्षा जास्त उताराचा डोंगराळ भाग पाणी मुरण्याच्या क्षेत्रातून वगळायचा. कारण सांगतात की तिथं पाणी मुरत नाही, वाहून जातं. शास्त्र म्हणून कारण बरोबर असेल. पण ठाकरांच्या, कातकऱ्यांच्या कितीतरी वाड्या त्याच उतारावर नाहीतर त्याच्या कुशीत आहेत! म्हणजे डोंगर हिशोबातून काढायचा, खालच्या सपाटीचं गणित करायचं, आणि शिक्का मात्र डोंगरासकट सगळ्या तालुक्यावर मारायचा. शिवाय निरीक्षण विहीर करायला आधी विहीर नाहीतर मोजणीची बोअर लागते. जी वाडी झऱ्यावर जगते, तिचं पाणी टेपनं कसं मोजणार?

कुणी म्हणेल, यात यंत्रणेचा काय दोष, नियम वरून आलाय. ठीक आहे. पण शिक्क्याचा परिणाम खाली आपल्यावर होतो. सुरक्षित तालुक्यात नवी बोअर पाडायला फार कुणी अडवत नाही. पायथ्याला फार्महाऊस होतं, पोहण्याचा तलाव होतो. गाढेश्वरचं पाणी पनवेल शहराला, शेजारच्या खालापुरातल्या मोरब्याचं नवी मुंबईला. ज्या डोंगरावरून ते येतं तिथली बाई मात्र डवऱ्यापाशी बसलेली.

पिण्याच्या पाण्याला कायद्यात संरक्षण आहे. १९९३ च्या कायद्यानं पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायला बंदी घातली. त्याच्या जागी २००९ चा भूजल कायदा आला, तो १ जून २०१४ पासून लागू झाला. त्यातही पिण्याच्या पाण्याचे उद्भव राखायचं बंधन आहे. पण आपला झरा सार्वजनिक उद्भव म्हणून कागदावर नसेल, तर कायदा राखणार काय?

म्हणून माझं म्हणणं असं की नुसता टँकर मागू नका. झरा कागदावर चढवा.

रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे पेसा आपल्याला लागू नाही. पण वनहक्क कायदा २००६ लागू आहे. त्याच्या कलम ५ नं पाणलोट आणि पाण्याचे उद्भव राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. कलम ३(२) प्रमाणे पिण्याच्या पाण्याची योजना, पाइपलाइन, पाणी साठवायचं बांधकाम यासाठी एक हेक्टरच्या आतली वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीनं मिळू शकते, हेक्टरी ७५ च्या वर झाडं तोडायची नाहीत एवढ्या अटीवर. म्हणजे ‘जंगल आहे, टाकी बांधता येत नाही’ हे उत्तर ऐकून परत यायचं नाही.

प्रत्येक वाडीनं एवढं करावं. दर अमावस्येला झऱ्यावर एकच ठरलेला हंडा लावायचा आणि भरायला किती मिनिटं लागली ते वहीत लिहायचं. शाळेत जाणारं पोर हे करू शकतं. वर्षाची वही झाली की ती ग्रामसभेत ठेवून ठराव घ्यायचा. ठरावात मागायचं की झऱ्याची पिण्याच्या पाण्याचा उद्भव म्हणून नोंद करा आणि भूवैज्ञानिकाला जागेवर पाठवा. जिथं विहीर आहे तिथं खालच्या बाजूच्या भेगा सिमेंटनं बुजवून पाणी अडवायचं तंत्र यंत्रणेकडे आहे, ते आपल्या वाडीला लागू पडतं का ते तपासायला लावा. आपल्या पाणलोटातली निरीक्षण विहीर कुठं आहे ते माहितीच्या अधिकारात विचारा. ती दहा किलोमीटरवर सपाटीला निघाली, तर तेही ठरावात लिहा.

जमिनीच्या दाव्याच्या वेळी आपण हेच शिकलो. आपण पिढ्यान् पिढ्या कसत होतो, तरी कागद नव्हता म्हणून अतिक्रमणदार ठरलो. पाण्याच्या बाबतीत पुन्हा तसं होऊ द्यायचं नाही. येत्या अमावस्येपासून वही सुरू करा.

जिंदाबाद!