प्रशासक गेले, वस्तीचं ऊन तिथेच आहे

बुलढाणा, खामगाव, चिखली, मलकापूर. मे महिन्यात या शहरांतल्या आपल्या वस्त्यांत दुपारी पत्र्याखाली बसवत नाही आणि रात्र नळाची वाट बघण्यात जाते. जोराचा पाऊस आला की नाल्याचं पाणी आधी आपल्याच घरात. हवामान बदल म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. तक्रार कुणाकडे करायची, एवढंच सांगा.

74 व्या घटनादुरुस्तीने शहरांसाठी बारावी अनुसूची आणली. पाणीपुरवठा, नगररचना, झोपडपट्टी सुधारणा, पर्यावरण रक्षण असे 18 विषय. पण कलम 243 डब्ल्यू नीट वाचा. राज्य विधिमंडळ हे अधिकार 'देऊ शकते', द्यायलाच हवेत असं तिथे लिहिलेलं नाही. मुख्याधिकारी राज्य शासन नेमतं, मोठा निधी योजनेच्या चौकटीत बांधून येतो. 2020 पासून 'माझी वसुंधरा' अभियानात पालिकांना गुण आणि क्रमांकही मिळतात. परीक्षा मुंबई घेते, पेपर पालिका लिहिते, आणि वस्तीला कुणी विचारत नाही.

त्यात जिल्ह्यातल्या बहुतेक पालिकांची निवडणूक 2016 च्या अखेरीस झाली, त्यानंतरची थेट डिसेंबर 2025 मध्ये. मधली सुमारे चार वर्षं प्रशासक. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, हे खरं. पण मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असं कलम 243 यू सांगतं. आणि 243 टी ने दिलेल्या आपल्या राखीव जागांचं काय? सभागृहच नसेल तर राखीव जागा कागदावरच.

आपलेच काही मित्र म्हणतात, बाबासाहेबांना मजबूत केंद्र हवं होतं, मग विकेंद्रीकरणाची ओरड कशाला? आक्षेप हलका नाही. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळं खुलं करण्याचा ठराव केला, अंमल केला नाही, आणि 1927 च्या सत्याग्रहानंतर तो ठरावच मागे घेतला. सत्ता खाली आली की न्याय येतो, असं आम्ही मुळीच मानत नाही. पण प्रशासकाच्या काळात तरी आपल्या नाल्या कुणी बांधल्या? वरची सत्ता लावलेली झाडं मोजते, तहान मोजत नाही. म्हणून सत्ता खाली हवी, आणि राखीव जागांसकट, हिशेबासकट हवी.

प्रभाग समितीची सक्ती 3 लाख लोकसंख्येपासून पुढे आहे. आपल्या जिल्ह्यातलं एकही शहर त्यात बसत नाही. सक्ती नाही म्हणून वस्तीत सभा घ्यायला मनाईही नाही. राखीव जागांवर निवडून आलेल्या बुलढाण्याच्या नगरसेवकांनी अर्थसंकल्पाच्या सभेआधी एक साधा तक्ता मागावा: येळगाव धरणाचं पाणी कोणत्या प्रभागाला किती दिवसांनी येतं? तो तक्ता विहाराच्या भिंतीवर लावायचं काम आमचं.

जय भीम.